गौतमभाऊंच्या ट्रकसाठी लागणारे पार्ट

ऐन उन्हाळ्यात तुमसरला चालू कॉम्प्युटरचं झाकण उघडलं, तर आतल्या गरमीवर दोन पापड भाजून निघतात. मी स्वतः भाजले आहेत. पुण्याहून आलेला माझा साडू हे ऐकून हसला, तेव्हा मी त्याला तिसरा पापड भाजून दिला आणि तो त्याने मुकाट्याने खाल्ला. माझ्या गोष्टी ऐकणारे लोक थोडं कमी करून घेतात, हे मला माहीत आहे. घेवोत बापडे. मी मात्र आधीच निम्मं करून सांगत असतो.

धंदा म्हणाल तर कॉम्प्युटर जोडून देण्याचा. आधी रेडिओ उघडायचो, मग टीव्ही, आणि आता टीव्ही उघडण्यासारखा राहिला नाही म्हणून हे. तुमसरच्या बाजारात माझं दुकान आहे. इतकं अरुंद, की गिऱ्हाईक आत आलं तर मी बाहेर जातो. तरी भंडाऱ्यापासून नाकाडोंगरीपर्यंत ज्याला म्हणून भारी गेम खेळायचा कॉम्प्युटर हवा असतो, तो माझ्याकडेच येतो. नागपूरला यापेक्षा मोठी दुकानं आहेत, पण तिथे शिव्या देऊन समजावणारा माणूस मिळत नाही.

ज्यांना यातलं काही कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. तयार कॉम्प्युटर म्हणजे दुकानात टांगलेला सदरा. जोडून घेतलेला म्हणजे शिंप्याला माप देऊन शिवलेला. आतला एकेक पार्ट आपण निवडायचा असतो, आणि ते सगळे एकमेकांच्या जोडीला शोभले पाहिजेत. मी गिऱ्हाइकाला लग्नाची पंगत समजावतो. प्रोसेसर हा आचारी. रॅम म्हणजे त्याच्यापुढचा ओटा. जितका लांब, तितकं सामान हाताशी. एसएसडी म्हणजे कोठीची खोली. ग्राफिक कार्ड हा वाढपी, आणि तो पळणारा पाहिजे, कारण स्क्रीनवर एका सेकंदात साठ वेळा ताट वाढायचं असतं. आणि पॉवर सप्लाय म्हणजे गॅसचं सिलिंडर. आमच्याकडचे लोक काय करतात, वाढप्याला रेशमी फेटा बांधून आणतात आणि सिलिंडर शेजाऱ्याचं उरलेलं लावतात. मग पंगत निम्म्यावर आली की धूर. खरा धूर. एका घरी तर लोकांनी धुराला उदबत्ती समजून हात जोडले होते.

पण माझा पहिला नियम पार्टांचा नाही, घराचा आहे. ज्या खोलीत मशीन बसणार ती पाहिल्याशिवाय आणि तिथला चहा प्यायल्याशिवाय मी एक स्क्रूसुद्धा ठरवत नाही. हा नियम मला वरठीच्या एका गृहस्थांनी शिकवला. कारखान्यात कामाला, स्वभावाने मेणासारखे. त्यांनी हौसेने भारी मशीन जोडून नेलं आणि महिना-दोन महिन्यांत ते बंद पडलं म्हणून मला बोलावलं. पाहतो तर घरातला एकुलता एक कूलर, हो, पाण्याचा, वाळ्याच्या जाळ्यांचा, कॉम्प्युटरच्या तोंडासमोर लावलेला.

"हे काय जी?" मी विचारलं.

"तुमीच त म्हणलं होतं का हे लय तापते म्हणून. मंग याले कूलर देला. आमी घरचे सारे तिकडच्या खोलीत पंख्यावर झोपतो."

आत पाहिलं तर मदरबोर्डला गंज चढून शेवाळ धरलेलं. अजून आठ दिवस गेले असते तर त्यातून मासोळी निघाली असती. मी म्हणालो, "भाऊ, याला हवा लागते, ओलावा नाही." ते बिचारे म्हणाले, "म्हणजे आमी फुकटच गरमीत झोपलो." एवढ्या मायेने पाणी पाजलेला कॉम्प्युटर मी दुसरा पाहिला नाही. तेव्हापासून मी आधी घर पाहतो.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो.

एका दुपारी एक मुलगी दुकानात आली. म्हणजे मी बाहेर गेलो आणि ती आत आली. नाव सुजाता, गाव चिखला, नागपूरला दवाखान्यात नर्स.

"काका, गेम खेळायचा कॉम्प्युटर जोडून पायजे. ट्रक चालवायचा गेम असते ना, तो."

"भावासाठी?"

"नाही. बाबासाठी."

माझ्या हातातला पेचकस पडला. माझ्याकडे बापाला चोरून येणारे पोट्टे येतात, बापाला घेऊन येणारे येतात. बापासाठी येणारी ही पहिलीच.

तिचे वडील गौतमभाऊ. चिखल्याच्या खाणीतून निघणारं मँगनीज टिप्परने वाहून न्यायचं, हे त्यांचं जन्मभराचं काम. खासगी मालकाची गाडी, पण गावात सगळे ती गौतमभाऊंचीच म्हणून ओळखायचे. आदल्या वर्षी चाक बदलताना जॅक सरकला. उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. जखम भरली, मापाचा नवा पाय झाला, दवाखान्यात दोन दांड्यांच्या मध्ये धरून ते चाललेही.

"मंग घरी आले अन् पाय खुंटीले टांगला," सुजाता म्हणाली. "दारात खुर्ची टाकून बसते. गाडी आली का मान वळवते, गाडी गेली का मान सरळ. आईसंग हो-नाही एवढंच. कुबडी घेऊन मोरीवर जाते अन् येते, तेवढंच चालणं."

"मग गेम कशाला?"

"दवाखान्यात बाजूच्या खाटेवरचा पोट्टा मोबाईलवर ट्रकचा गेम खेळून राहिला होता. बाबा कोणाशीच बोलत नव्हते जी. अन् एकदम त्याले म्हणते, 'अबे, चढावर वरचा गिअर कायले टाकतेस?' कितीतरी दिवसांनी तोंडातून निघालेलं तेच पहिलं वाक्य." "मले गेम-बिम नाही समजत काका. बाबानं पाय घालावा अन् उठावं, एवढंच पायजे. डॉक्टर म्हणते, असेच बसून राहिले त त्या पायाची सवय मोडून जाईन. मंग नाही चालत ते."

आता मला सांगा, एवढी ऑर्डर कोणत्या पार्टाने पुरी होते? पण मी छाती ठोकून म्हणालो, "होऊन जाते." छाती ठोकायला माझं काही जात नाही.

पुढच्या रविवारी स्कूटर काढून चिखल्याला गेलो. चिखल्याच्या धुळीबद्दल एवढंच सांगतो, की तिथे पांढरी कोंबडी सकाळी सोडली तर संध्याकाळी काळी होऊन येते आणि मालक तिला शेजाऱ्याची म्हणून हाकलून देतो. मी तुमसरहून गोरा निघालो होतो.

गौतमभाऊ दारातच होते. दांडगा माणूस, मनगटं अशी की माझ्या मांड्या लाजतील. मी म्हणालो, "जय भीम, गौतमभाऊ." त्यांनी हात वर केला आणि परत रस्त्याकडे पाहू लागले. आत कमलाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, चहा ठेवला आणि कप हातात देताना स्पष्टच सांगितलं.

"भाऊ, चहा घ्या, पन ते मशीन नोको ठेवा. दारात बसते त निदान येणाऱ्या-जाणाऱ्याचं तोंड पाह्यते. टीव्हीत घुसले का तेही बंद होईन."

"आई, टीव्ही नाही तो," सुजाता म्हणाली.

"उजेड दिसते अन् माणूस मुका होते. मंग टीव्हीच झाला ना."

मी खोली मोजायला घेतली. विजेच्या बोर्डात मीटर लावला. तेवढ्यात शेजारी कोणीतरी बोअरची मोटार सुरू केली, तसा मीटरचा आकडा धाडकन खाली आला आणि डोक्यावरचा बल्ब काजव्याएवढा झाला. खिडकीच्या कट्ट्यावरून बोट फिरवलं, तर बोटावर अर्धी खाण. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी तेवढ्या लख्ख होत्या. त्यांच्या समोरच्या भिंतीला खुंटी, आणि खुंटीला प्लास्टिकच्या पिशवीत तो पाय. पायात काळा बूट होता आणि बुटाला चकचकीत पॉलिश.

"रोज पुसतो मी," मी पाहतोय हे पाहून कमलाबाई म्हणाल्या. "पोरगी म्हणते, घालतीन. त पुसून ठेवतो."

दुकानात परत आलो आणि पार्ट निवडायला बसलो. हा माझ्या धंद्यातला सर्वात गोड भाग. बायको म्हणते, लग्नासाठी मुलगी पाहायला आलास तेव्हासुद्धा तुझं तोंड एवढं खुललं नव्हतं. ट्रकचा गेम म्हणजे गोळीबाराचा गेम नव्हे. तिथे वाढपी मध्यम चालतो, आचारी मात्र हुशार लागतो. म्हणून प्रोसेसर चांगला घेतला, ग्राफिक कार्डात हात आखडला आणि वाचलेलं सगळं स्टेअरिंगवर घातलं. दोन-अडीच फेरे फिरणारं, वळणावर हाताला झटका देणारं स्टेअरिंग, खरा वाटावा असा गिअर, आणि खाली क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर असे तीन पेडल. चिखल्याच्या विजेसाठी दमदार पॉवर सप्लाय, त्याच्यापुढे यूपीएस, त्याच्यापुढे स्टॅबिलायझर, आणि अंगणात मीठ-कोळसा घालून अर्थिंगचा खड्डा. धुळीसाठी कॉम्प्युटरच्या डब्यात आत हवा ढकलणारे पंखे जास्त बसवले आणि बाहेर काढणारा एकच. आतली हवा सतत बाहेर रेटत राहिली की फटींमधून धूळ शिरत नाही. पंख्यांच्या तोंडाला मच्छरदाणीच्या कापडाच्या टोप्या माझ्या बायकोने शिवल्या. असं मशीन चंद्रावर नेऊन ठेवलं असतं तरी चाललं असतं, तिथे चिखल्यापेक्षा धूळ कमीच आहे.

आणि माझी सर्वात मोठी हुशारी वेगळीच होती. उजवा पाय नाही, म्हणजे ॲक्सिलरेटर आणि ब्रेक दाबणार कसा? मी ते दोन्ही स्टेअरिंगमागच्या खटक्यांवर आणून ठेवले. बोटांनी ओढायचं की गाडी पळते, दुसऱ्या हाताने ओढलं की थांबते. मी स्वतः चालवून पाहिलं. परदेशातल्या एका पुलावर दोन ट्रक, एक बस आणि एक गाय उडवली, पण खटके उत्तम चालले.

मशीन बसवायचं म्हणून सुजाताने आठवडाभर सुट्टी काढली होती. तिने तसबिरींपुढे मेणबत्ती लावली. गौतमभाऊंना खुर्चीसकट उचलून आणल्यासारखंच आत आणलं. मी बटन दाबलं, स्क्रीनवर डोंगर, रस्ता आणि लाल रंगाचा ट्रक आला, आणि मी माझं भाषण सुरू केलं. "हे पहा गौतमभाऊ, पायाचं कामच ठेवलं नाही. बोटानं ओढा, की गाडी पळाली."

गौतमभाऊंनी स्टेअरिंगवर हात ठेवले. हात बरोबर त्या जागी गेले जिथे ते आयुष्यभर जात होते. मग त्यांनी तो खटका बोटाने ओढून पाहिला, आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला माझ्या दुकानात लपायला जागा नाही याची आठवण झाली.

"भाऊ, ट्रक बोटानं चालते काय?"

"सोय म्हणून केलं जी."

"खेळणं आहे मंग हे." मान खाली घालून त्यांनी पेडल पाहिले. मग खुंटीकडे हात केला. "कमला, आण तो."

कमलाबाई पिशवी काढेपर्यंत सुजाता पुढे झाली होती, पण त्यांनी तिला कोपराने बाजूला सारलं. स्वतःच पाय आणून दिला. गौतमभाऊंनी मोजा चढवला, पट्टे आवळले, तोवर मी ॲक्सिलरेटर आणि ब्रेक खटक्यांवरून परत पेडलवर आणले. मी मनातल्या मनात स्वतःला हार घालून घेतला.

तो हार मिनिटभरात सुकला. गाडी सुरू झाली, क्लच अगदी लोण्यासारखा सुटला, आणि ट्रक एकदम उसळून समोरच्या भिंतीत घुसला. पुन्हा सुरू केली, आता ती जागची हलेना. तिसऱ्यांदा कठडा तोडून नदीत गेली. त्या लाकडी-रबरी पायाला पेडल किती दाबला गेला हे कळतच नव्हतं. कसं कळणार? गौतमभाऊंच्या कपाळावर घाम आला. ज्या माणसाने भरलेला टिप्पर खाणीच्या वळणांवरून एवढी वर्षं काढला, तो घरच्या सगळ्यांसमोर रस्त्यावरचा कुत्रा चुकवू शकला नाही.

त्यांनी पट्टे सोडले, पाय काढून जमिनीवर ठेवला आणि म्हणाले, "घेऊन जा भाऊ हे. पोरीले पैसे वापस करा." मग कुबडी घेतली आणि दारातल्या खुर्चीत जाऊन रस्त्याकडे तोंड करून बसले. सुजाता मागच्या अंगणात निघून गेली. कमलाबाई खाली बसल्या आणि बुटाला लागलेली धूळ पदराने पुसू लागल्या.

मी मशीन बंद करायला हात घातला आणि नेमका बाहेरून एक टिप्पर गेला. दारातून गौतमभाऊंचा आवाज आला, कोणालाही न सांगता सांगितल्यासारखा. "तिसऱ्या गिअरात ओढून राहिला. दुसरा पायजे."

त्यांनी गाडीकडे पाहिलंही नव्हतं. मान खालीच होती.

मी दारात गेलो. "गौतमभाऊ, तुम्हाला कसं कळलं जी?"

"आवाजावर. अन् बुडाले कळते. गाडी पायानं चालवतो म्हणतेत लोक, पाय त फक्त दाबते. गाडी काय म्हणते ते बुडाले कळते, सीटातून." मग आतल्या बाजूला हनुवटी करून म्हणाले, "तुमची गाडी मुकी आहे. मुकी गाडी मुक्या पायानं काय चालवाचं?"

मी परत आत जाऊन पाहिलं. गेमवाले पोट्टे कानाला हेडफोन लावतात, म्हणून मी टेबलावर टमाट्याएवढे दोन स्पीकर ठेवले होते. एवढं हुशार डोकं लावून जोडलेला ट्रक, आणि त्याचं इंजिन डासासारखं गुणगुणत होतं.

"मशीन इथेच राहू द्या," मी म्हणालो. "मला चार दिवस द्या. नाही जमलं तर मी स्वतः डोक्यावर घेऊन जाईन."

तुमसरला माझा एक मित्र धुमालवाला आहे. आमच्याकडे वरातीत जो धुमाल वाजतो तो ज्याने ऐकला नाही त्याला सांगून उपयोग नाही, आणि ज्याने ऐकला आहे त्याला सांगितलेलं ऐकू येत नाही. लग्नसराई संपलेली होती, त्याचे स्पीकरचे डबे गोदामात पडून होते. मी म्हणालो, "बेसचा एक डबा पाहिजे. सर्वात मोठा."

"लग्न कोणाचं आहे?"

"कोणाचं नाही. ट्रकमध्ये बसवायचा आहे."

"कोणता ट्रक?"

"कॉम्प्युटरातला."

त्याने माझ्या तोंडाचा वास घेऊन पाहिला. मग डबा दिला, वर त्याचा ॲम्प्लिफायर दिला, आणि हे सगळं पाहायला म्हणून स्वतःच टेम्पोत बसून आला.

आम्ही सुताराकडून सागवानी फळ्यांची बैठक करून घेतली होती. तिच्या पोटात तो अठरा इंची डबा घातला, वर खुर्ची खिळवली, पुढे पेडल बोल्टने आवळले म्हणजे फरशीवर सरकणार नाहीत. तार जोडली. गेममधलं इंजिन सुरू केलं.

आता इथे लोक कमी करून घेतात, पण साक्षीदार आहेत. मांडणीवरची भांडी चालायला लागली. एक तांब्या सरळ दारातून बाहेर गेला. शेजारची कोंबडी अंड्यावरून उठली ती परत बसलीच नाही. समोरच्या घरातली म्हातारी बाहेर येऊन म्हणाली, "का बाप्पा, खाणीत सुरुंग लावला काय भर दुपारी?" आवाज बेताने कमी केला, एवढा की तो कानाला कमी आणि लाकडातून जास्त यावा.

दारातल्या खुर्चीतला माणूस वळून आत पाहत होता.

कोणी त्यांना बोलावलं नाही. ते कुबडीवर आत आले, नव्या खुर्चीत बसले आणि काहीच न करता नुसते बसून राहिले, डोळे मिटून. इंजिन खालून हळूहळू घुमत होतं. मग हात पुढे केला. या वेळी पाय सुजाताने दिला.

पहिला दिवस ट्रक मैदानातच गोल फिरला. मी दुसऱ्या दिवशीही गेलो, दुकान बंद ठेवून. ते पेडलकडे पाहतच नव्हते. थोडं दाबायचे, खालून घुमणारं इंजिन ऐकायचे, पुन्हा थोडं दाबायचे. पायाला जे कळत नव्हतं ते लाकडातून मांडीला कळायला लागलं. आणि त्या दिवशी त्यांनी परदेशातल्या डोंगरावर माल भरलेला ट्रक असा चढवला, की पुन्हा पाहायला आलेला धुमालवाला मागून म्हणाला, "माझ्या डब्यानं वराती लय नाचवल्या, पन घाट पहिल्यांदाच चढवला."

गोष्ट इथे संपली असती तर मी ही अजून दणक्यात सांगितली असती. पण पावसाळा गेला आणि सुजाताचा फोन आला.

"काका, बाबा रोज चालवते. पाय घालते."

"मग झालं की."

"खुर्चीत बसल्यावर घालते, खुर्चीतून उठाच्या आधी काढते. मोरीवर कुबडीनंच जाते. पहिले दारात बसत होते, आता तिथं बसते. आई म्हणते, मी सांगितलंच होतं." मग जरा हळू आवाजात म्हणाली, "तुमचं मशीन चांगलं आहे काका. तुमाले दोष नाही देऊन राहिली."

तिने दोष दिला असता तर मी भांडलो असतो, भांडणात मला कोणी हरवत नाही. पण तिने दिला नाही आणि मी फोन ठेवून दुकानातच बसून राहिलो. खुंटीवर टांगलेला पाय आता पेडलवर टांगला होता, एवढाच काय तो फरक. इतकी मशीनं जोडली, इतक्या पोरांना खुर्चीला चिकटवलं, तेव्हा कधी मनात आलं नव्हतं. एका माणसाला खुर्चीतून उठवायचं काम माझ्याकडे आलं, आणि मी त्याच्यासाठी तालुक्यातली सर्वात आरामशीर खुर्ची बांधली.

दिवाळीच्या आधी मी सगळी मशीनं साफ करायला जातो. चिखल्याला जायचं टाळत होतो, पण धूळ टाळू देत नाही. ब्लोअर घेऊन निघालो. गल्लीच्या तोंडाशीच मला इंजिनचा आवाज आला आणि कान टवकारले. कारण ते इंजिन रडत होतं. चुकीच्या गिअरमध्ये घातलेली गाडी ओरडते तसं, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं. मला वाटलं, गौतमभाऊंचं काहीतरी बिनसलं. दारातली खुर्ची रिकामी. मी तसाच आत शिरलो.

स्टेअरिंगवर कमलाबाई होत्या. पदर खोचलेला, जीभ दातांत धरलेली, चपला काढून दोन्ही पाय पेडलवर. त्यांच्या ट्रकमागे स्क्रीनवर गाड्यांची एवढी रांग लागली होती की ती बहुतेक तुमसरच्या रेल्वे फाटकापर्यंत आली असावी. आणि त्यांच्या पाठीशी, खुर्चीच्या पाठीवर एक हात टेकून, गौतमभाऊ.

"क्लच दाब वं. क्लच. तो ब्रेक आहे."

"तुमीच म्हणलं मधला."

"मधलाच ब्रेक. क्लच बाजूचा."

"मंग मधला कायले म्हणलं?" कमलाबाईंनी मला पाहिलं, पण हात सोडले नाहीत. "या भाऊ. बसा. मी एवढा फाटा वळवतो अन् चहा ठेवतो."

"हे कधीपासून वहिनी?"

"झाले काही दिस. हे मोरीवर गेले होते. मी झाडून राहिलो होतो, म्हणलं पाहू तरी, एवढं काय आहे यात. बटन दाबलं, पाय देला, त हे अशी ओरडली गाडी. अन् हे मोरीतून ओरडले, 'कोण गिअर मोडून राहिला रे.' भिंत धरून एका पायावर आले, माह्या हातातून स्टेअरिंग काढायले. मी नाही उठलो. म्हणलं, संसार झाला तुमच्यासंग, एक दिवस गाडीत समोर नाही बसवलं. आता शिकवा. त म्हणते, थांब, पाय घालून येतो, इथून दिसत नाही मले."

"उंच आहे ना ती खुर्चीची पाठ," गौतमभाऊ माझ्याकडे न पाहता म्हणाले. "अन् हिले बसून शिकवताच येत नाही. चारही बाजूनं पाहावं लागते. मागून, उजवीकडून. आरसा पाह्य, कमला. आरसा कायले देला आहे गाडीले?"

असं म्हणून ते स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यातला आरसा दाखवायला तिकडच्या बाजूला गेले. तिथून परत पेडल पाहायला डावीकडे आले. मधेच वाकले, तिचा पाय धरून क्लचवर ठेवला आणि खुर्चीला न धरता उठून उभे राहिले. कुबडी कोपऱ्यात होती आणि तिच्यावर चिखल्याची धूळ बसलेली होती.

मी ब्लोअर काढलाच नाही. मशीन बंद करायचं म्हणजे दोघांना थांबवावं लागलं असतं. मी त्या पायाबद्दलही काही बोललो नाही. माझं तोंड बंद राहिलेला असा दुसरा प्रसंग माझ्या बायकोला आठवत नाही.

कमलाबाईंनी फाटा वळवला, म्हणजे फाट्यावरचं अर्धं दुकान पाडून वळवला, आणि घाम पुसत म्हणाल्या, "तुमी बसा ना आता भाऊच्या बाजूले. केव्हाचे उभे आहात."

"बसतो कायले? मी बसलो का तू घाटात टाकशील." गौतमभाऊंनी खुर्ची सोडली आणि स्क्रीनजवळ सरकले. "चाल, दुसरा टाक. दुसरा. भाऊ, चहा आज तुमीच ठेवा जी, ही आता उतरत नाही."

मी स्टोव्ह पेटवायला गेलो. दूध उतू जाईपर्यंत ते उभेच होते.